पुलावरून दिसणारी आडनावं

नागपुरातल्या मनीषनगरचं रेल्वे फाटक होतं तेव्हा आमच्या भागातल्या माणसांचा दिवस त्या फाटकाच्या हिशोबानं चालायचा. ते पडलं की स्कुटरी बंद व्हायच्या, ऑटोतली शाळेची पोरं डबे उघडायची, भाजीवाला तेवढ्यात मेथीवर पाणी मारून घ्यायचा आणि मागून कुणीतरी म्हणायचं, "मालगाडी आहे बाप्पा. गेला अर्धा तास." त्या गर्दीत मी एकटीच मनातून खूश असायचे. गाडी समोर आली की डब्यांच्या अंगावरची, डबा कुठल्या रेल्वेचा ते सांगणारी अक्षरं वाचायला लागायचे. एससी, एससी, डब्ल्यूआर, एनआर, पुन्हा एससी, आणि मधेच एखादा एनएफ. एनएफ दिसला की दिवस बरा. बँकेत उशीर झाला की फाटकाचं कारण सांगायचे. ते खोटं नव्हतं. फक्त कधी कधी मीच घरून लवकर निघून फाटक पडायची वाट बघत असे, एवढं सांगत नसे.

आता तिथं पूल झालाय. लोकांचा वेळ वाचतो, माझी गाड्या बघायची जागा गेली. मग मी अजनीच्या पुलाकडे सरकले.

माझं बघणं तसं साधं आहे. मालगाडी कुठून कुठं चालली, तिच्यात कोळसा आहे की सिमेंट, हेही बघते, पण खरं बघायचं असतं ते हे की हिच्यात परकं कोण आहे. कुठल्या लांबच्या रेल्वेचा डबा इकडे आलाय, कुठल्या मुलखाच्या शेडचं, म्हणजे देखभालीच्या ठिकाणचं, इंजिन अजनीच्या सिग्नलला उभं राहून धापा टाकतंय. नागपूर देशाच्या मधोमध असल्यामुळे इथं बसल्या जागी सगळं दिसतं. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई या दोन्ही वाटा इथंच एकमेकींना भेटतात. बाहेरचे पाहुणे आले की डायमंड क्रॉसिंग दाखवा म्हणतात. मी एकदोघांना मोहननगरच्या बाजूला नेऊनही आणलं. रुळांवरून रूळ गेलेले दिसतात, बस. पाहुणे म्हणतात, "हेच का?" हो, हेच. त्यापेक्षा पुलावर तासभर उभे राहा, असं मी सांगते, पण ते कुणी ऐकत नाही. संत्रा बर्फी घेऊन लोक परत जातात.

हे वेड मामांकडून आलं. मामा रेल्वेत टीएनसी होते, म्हणजे ट्रेन्स क्लार्क. जुन्या भाषेत नंबर टेकर. मालगाडी यार्डात येऊन थांबली की इंजिनापासून गार्डाच्या डब्यापर्यंत चालत जायचं आणि एकेका डब्याचा नंबर, मालकी कुठल्या रेल्वेची, भरलेला की रिकामा, हे वहीत उतरवायचं. एवढंच काम. पण ते मे महिन्यात दुपारी दोन वाजताही करायचं आणि जानेवारीत पहाटे चार वाजताही. उन्हाळ्यात लोखंड असं तापायचं की डब्याला चुकून हात लागला तर फोड यायचा. पावसाळ्यात छत्रीचा दांडा मान आणि खांद्यामध्ये अडकवायचा, बॅटरी काखेत, वही पोटाशी धरायची आणि लिहायचं. मामा कायम पेन्सिल वापरायचे. पेनाची शाई पावसात पसरते, पेन्सिल पसरत नाही. निवृत्तीनंतरही त्यांच्या सदऱ्याच्या खिशाला पेन्सिलच असते, दाढीच्या ब्लेडनं टोक काढलेली.

या नंबरांचा उपयोग काय, असं मी लहानपणी विचारलं होतं. नागपूर म्हणजे दोन रेल्वेंची शीव. इकडे मध्य रेल्वे, तिकडे तेव्हाची दक्षिण पूर्व. एकीकडून दुसरीकडे गेलेला प्रत्येक डबा मोजला जायचा, कारण परक्याचा डबा आपल्या हद्दीत राहिला तर त्याच्या भाड्याचा हिशोब रेल्वे-रेल्वेंमध्ये व्हायचा. मामा तो हिशोब करत नसत, पण तो त्यांच्या वहीपासून सुरू व्हायचा. याचा त्यांना जो अभिमान होता तो स्टेशन मास्तरलाही नसेल.

इथं एक गंमत सांगते. मराठीत मालडब्याला वाघीण म्हणायची जुनी पद्धत आहे, आणि मामा घरी आले की म्हणायचे, "आज तीनशे वाघिणी मोजल्या." विदर्भातली पोर मी, वाघ म्हणजे आमच्या बोलण्यातला रोजचा विषय. दुसरीत असताना वर्गात मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं की माझे मामा वाघिणी मोजतात. बाईंनी विचारलं, ताडोब्यात का? मी म्हटलं, नाही, अजनीत. वर्ग हसला. घरी येऊन रडले, तर मामा माझ्याहून जोरात हसले आणि रविवारी मला यार्डाच्या कडेला घेऊन गेले, वाघीण दाखवायला.

त्या रविवारी मी पहिल्यांदा डबा जवळून पाहिला. चार चाकांचा, लाल-तपकिरी, बंद दारांचा. दाराच्या खाचेत गहू अडकलेले होते आणि एक खार ते काढत होती. दारावर खडूनं काहीतरी खरडलेलं, त्याच्या वर पांढऱ्या रंगात 'एनएफ' आणि पाच आकडे. मामा म्हणाले, हा नॉर्थईस्ट फ्रंटियरचा. गुवाहाटीकडचा. त्यांचं मोठं ऑफिस मालीगावला. मग ते मला एकेक अक्षर वाचायला लावत पुढे गेले. एसआर म्हणजे मद्रास. एनई म्हणजे गोरखपूर. एसई म्हणजे कलकत्त्याचं गार्डन रीच. एससी म्हणजे सिकंदराबाद. भूगोलाच्या पुस्तकात हे नव्हतं, पण माझ्या डोक्यात भारताचा नकाशा आजही राज्यांचा उमटत नाही, या अक्षरांचा उमटतो.

मी विचारलं, "मामा, हा गुवाहाटीचा डबा आता घरी कधी जाईल?"

मामा म्हणाले, "त्याले घर नाही पोरी. जिकडं माल, तिकडं तो."

मला ते फार दिवस पटलं नाही. अंगावर नाव लिहिलेलं असताना घर नाही कसं? पण ते खरं होतं. आपल्याकडे साधारण मालडबे सगळ्या रेल्वेंच्या सामाईक वापरातले. आसामच्या नावावर नोंदलेला डबा पंजाबातून गहू उचलतो, तामिळनाडूत रिकामा होतो, तिथून खत घेऊन विदर्भात येतो, आणि त्याच्या नावातल्या रेल्वेवर त्याचं चाक वर्षानुवर्षं लागलं नाही तरी कुणाचं अडत नाही. अलीकडे काही रेक, म्हणजे एकत्र जोडलेल्या डब्यांच्या सबंध माळा, ठरावीक डेपोला बांधलेले असतात, तपासणीसाठी त्यांना तिथंच परतावं लागतं, तेवढा अपवाद. बाकीच्यांच्या अंगावरची अक्षरं म्हणजे नुसतं आडनाव.

आडनावाचं हे असं असतंच. माझं माहेरचं आडनाव एका गावावरून पडलंय. गावाचं नाव, पुढे 'कर'. आमच्या घरात ते गाव कुणीच पाहिलेलं नव्हतं. बाबांना साठीनंतर एकदम हुक्की आली आणि आम्ही वर्धा जिल्ह्यातल्या त्या गावी गेलो. पाराशी चार म्हातारे बसले होते. बाबांनी आपलं आडनाव सांगितलं. त्यांनी एकमेकांकडे बघितलं. एक जण म्हणाला, "या नावाचं इथं कोणी नाही जी. अन् आमचंच नाव घेऊन आम्ही इथं काहून राहू?" बरोबरच होतं. गावाचं नाव लावायची गरज गाव सोडलेल्यालाच पडते. त्यांनी चहा पाजला, बाबांनी देवळात नारळ फोडला, आम्ही परत आलो. येताना सेवाग्रामच्या जवळ फाटक लागलं आणि समोरून एक सबंध एसआर-एनआर-ईआरची मिसळ निघून गेली. बाबा काही बोलले नाहीत.

पुढे लग्न झालं आणि माझ्या अंगावरची अक्षरं बदलली. ते असो.

डब्यांवर आता अकरा आकडी नंबर असतो, आणि वाचता आला तर त्यात सगळी कुंडली असते. पहिले दोन आकडे डब्याचा प्रकार सांगतात. दहापासून एकोणतीसपर्यंत उघडे, तिशीतले बंद, चाळिशीपासून टाक्या सुरू होतात. पुढचे दोन आकडे मालकी रेल्वेचे. मध्य रेल्वे ०१, नॉर्थईस्ट फ्रंटियर ०५, पश्चिम ०८, आमच्या इतवारीकडची दक्षिण पूर्व मध्य १४. कंटेनर कॉर्पोरेशनचे २५, खाजगी मालकीचे २६. मग बनल्याचं साल, दोन आकड्यांत. मग चार आकडे त्याचे स्वतःचे. शेवटचा आकडा पडताळ्याचा, म्हणजे आधीचे दहा आकडे लिहिताना काही चुकलं तर तो चुगली करतो. ही रीत आली तेव्हा मामा निवृत्तीला टेकले होते. बाकीचे कुरकुरले, मामांनी दोन दिवसांत पाठ केलं.

इंजिनांची गोष्ट वेगळी. इंजिनाला शेड असते, आणि शेडचं नाव त्याच्या अंगावर लिहिलेलं असतं. अजनी, भुसावळ, इटारसी, काजीपेट, लालागुडा, भिलाई, तुघलकाबाद, गोमोह. मालगाडीचं इंजिन कंट्रोलवाले जिकडे पाठवतील तिकडे जातं. इकडून तिकडे, तिथून आणखी पुढे, एका गाडीचं काम संपलं की दुसरी. पण त्याच्या देखभालीच्या तारखा बांधलेल्या असतात आणि तारीख जवळ आली की त्याला आपल्या शेडला वळवावंच लागतं. तिथं त्याला धुतात, पुसतात, खोलून बघतात, कुठं घासलंय कुठं तापलंय ते विचारतात, आणि पुन्हा पाठवून देतात. याला रेल्वेत शेड्यूल म्हणतात. मी माहेरपण म्हणते. वॅगनला हे सुख नाही. तिची मोठी दुरुस्ती दूर कुठल्यातरी कारखान्यात उरकते आणि कुठं उरकली ते तिच्या कुशीवर खडबडीत अक्षरांत छापून टाकतात.

अजनी हे असं एक मोठं माहेर आहे. डब्ल्यूएजी-९ नावाची इंजिनं इथली. नावाची फोड सोपी आहे. डब्ल्यू म्हणजे वाइड, आपला ब्रॉडगेज, ए म्हणजे एसी वीज, जी म्हणजे गुड्स. आणि आता डब्ल्यूएजी-१२. बिहारातल्या मधेपुऱ्याला बनतं, दोन भाग जोडून एक, १२,००० अश्वशक्तीचं. त्याच्या देखभालीचे मूळ डेपो दोनच ठरले, एक सहारनपूर आणि दुसरा नागपूर. त्यामुळे ही धुडं देशात कुठंही दिसली तरी त्यातली पुष्कळशी आपल्या गावची असतात. मी एकदा काशीला गेले होते, सासूबाईंच्या अस्थी घेऊन. गाडी मुगलसरायच्या बाहेर, म्हणजे आताच्या दीनदयाळ उपाध्याय जंक्शनबाहेर, थांबली होती. शेजारच्या रुळावर एक कोळशाची गाडी आणि तिच्या पुढ्यात डब्ल्यूएजी-९. अंगावर 'अजनी'. घरात कुणी गेल्यावर बारा दिवस जे रडू आलं नव्हतं ते मला त्या तीन अक्षरांनी आणलं. नवरा म्हणाला, "काय झालं?" मी म्हटलं, "अजनीचं आहे." त्यानं इंजिनाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पाण्याची बाटली पुढे केली.

आणि उलट बाजूनं, अजनीत उभं राहून पाहिलेलं सगळ्यात लांबचं म्हणजे न्यू गुवाहाटीचं डिझेल. नणंदेला पुण्याच्या गाडीत बसवायला गेले होते. गाडीला उशीर होता. प्लॅटफॉर्मच्या टोकाशी एक बंद डब्यांची मालगाडी येऊन उभी राहिली, तिच्या पुढे डिझेल. डोक्यावर विजेची तार असताना डिझेल, म्हणून आधीच नजर गेली. जवळ जाऊन शेडचं नाव वाचलं आणि माझा विश्वास बसेना. नाकापासून छपरापर्यंत काजळी आणि धूळ, खालच्या पायरीच्या दांड्याला कुणीतरी लाल धागा बांधलेला, त्याचा रंग उडालेला. मागच्या पहिल्या डब्याच्या दारावर खडूनं तेलुगूत दोन ओळी. दाराच्या खालच्या पट्टीवर तांदळाचे दाणे सांडलेले आणि चिमण्या इतक्या बिनधास्त, की जणू गाडी त्यांच्यासाठीच थांबली होती.

कॅबच्या खिडकीत सहायक चालक डबा उघडून बसला होता. पोळीत भाजी गुंडाळून खात होता.

मी विचारलं, "दादा, हे इंजिन गुवाहाटीचं ना?"

त्यानं पोळी हातात धरून खिडकीतून वाकून इंजिनाच्या कुशीकडे बघितलं, जणू त्यालाही पहिल्यांदाच कळत होतं. "असंल मॅडम. मी तं बल्लारशाहून चढलो. त्याच्या आधीचं त्यालेच इचारा."

मला तो फार आवडला. चालक आपापल्या टापूत बदलतात. बल्लारशाचा इथं उतरेल, इथला आमल्यापर्यंत नेईल. पुढे मरामझिरीचा घाट, आणखी कुणी चालक. गुवाहाटीपासून इथपर्यंत त्या इंजिनाला किती हातांनी चालवलं असेल, आणि त्यातल्या एकालाही त्याचा पूर्ण प्रवास ठाऊक नसेल. सिग्नल मिळाला, भोंगा वाजला, चिमण्या उडाल्या. नणंद म्हणाली, "वहिनी, माझी गाडी आली तिकडं, अन् तुम्ही इकडं?"

डिझेल बघितलं की मामांना ॲल्को कंपनीची जुनी इंजिनं आठवतात. डब्ल्यूडीएम-२ ची पहिली तुकडी १९६२ मध्ये अमेरिकेतून आली, नंतर तीच जात वाराणसीला बनू लागली. मामा तोंडानं तिचा आवाज काढतात, इतका हुबेहूब की मामींना तो थांबवावा लागतो. म्हणजे यार्डात आम्ही जिला सगळ्यात आपली समजायचो ती मुळात न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी गावची.

भाचा शिकागोजवळ राहतो. त्याला माझं हे ठाऊक आहे, म्हणून तो कधीमधी फोटो पाठवतो. तिकडे रेल्वे खाजगी कंपन्यांच्या आणि मोठ्या सहाच्या सहा शिकागोत येऊन मिळतात, तेव्हा ते त्यांचं नागपूरच. एका कंपनीच्या रुळावर दुसऱ्या कंपनीचं इंजिन दिसलं की तिथले शौकीन त्याला 'फॉरेन पॉवर' म्हणतात आणि त्यासाठी मैलोन्‌मैल गाडी हाकत जातात. कंपन्यांचा हिशोबही मजेशीर आहे. तुझं इंजिन माझ्याकडे इतके तास इतक्या अश्वशक्तीनं राबलं, आता माझं तितकंच तुझ्याकडे राबेल. वाटीभर साखर नेली तर वाटीभर परत, तसं. त्यानं पाठवलेल्या एका डब्याच्या फोटोवर अशा कंपनीचं नाव होतं जी विलीन होऊन कैक वर्षं झाली. रंग तेवढा राहिला. तिथं म्हणे असे डबे शोधणारी वेगळी मंडळी आहेत.

मला त्यात नवल वाटलं नाही, कारण हे इथं आम्ही घरबसल्या बघतो. आमच्या पूर्वेकडच्या लाईनीचं उदाहरण घ्या. १८८२ मध्ये राजनांदगावपर्यंत मीटरगेजची नागपूर-छत्तीसगड रेल्वे होती. १८८७ मध्ये बंगाल नागपूर रेल्वे कंपनी निघाली, तिनं ती घेतली आणि रुंद केली. जुने लोक अजून बीएनआर म्हणतात. १९५२ मध्ये ती पूर्व रेल्वेत गेली, १९५५ मध्ये दक्षिण पूर्व झाली, २००३ पासून दक्षिण पूर्व मध्य. रूळ तेच, स्टेशनं तीच, कामठीच्या बाकड्यावर झोपलेलं कुत्रंही बहुधा त्याच वंशातलं. पण २००३ च्या आधी बनलेला एखादा डबा आजही एसई लिहून इथून जातो. तो इथलाच होता. तो कुठं गेला नाही, घर त्याच्या खालून सरकलं.

हे मी मामांना एकदा सांगितलं, तर म्हणाले, "आपलं तरी काय झालं? मध्य प्रांताची राजधानी होतो, छप्पनले मुंबई राज्यात गेलो, साठले महाराष्ट्रात. माहा बाप एकाच वाड्यात बसून तीन राज्यांत राह्यला."

परकं होणं ज्यांच्या नशिबातच नव्हतं अशा गाड्याही इथं होत्या, आपल्या नॅरोगेजच्या. अडीच फुटांचे रूळ. ते इंजिन जाऊन जाणार कुठं? छिंदवाड्याची छोटी लाईन २०१५ मध्ये बंद पडली, नागभीडची २०१९ मध्ये. मोतीबागच्या संग्रहालयात तिची इंजिनं रंगरंगोटी करून ठेवलीत. शनिवार-रविवारी पोरं त्यांच्यावर चढून फोटो काढतात. मला तिथं फार वेळ थांबवत नाही.

आता मी अजनीच्या पुलावरून बघते तेव्हा वरून उघड्या डब्यांचा तळही दिसतो, हा फाटकापेक्षा फायदा. कोळशाचे डबे कोपऱ्यात काळे राहतात, लोखंडाच्या मातीचे विटकरी. एका पावसाळ्यात, ऑगस्ट असेल, रिकाम्या डब्यांचा एक रेक हळूहळू चालला होता आणि एका डब्याच्या कोपऱ्यात तळाशी साचलेल्या मातीत तरोट्याची रोपं उगवलेली. दोनचार नव्हे, चांगला वाफा. पिवळी फुलं धरलेली. तरोटा आपल्याकडेच होतो असं नाही, पण मी तेव्हा ठामपणे ठरवून टाकलं की हे बियाणं आपल्याकडचं आहे, मागच्या साली उमरेडच्या बाजूला कोळसा भरताना पडलं असणार, आणि आता परत आलंय. पुरावा काही नाही. मामांना सांगितलं नाही, त्यांना पुरावा लागतो.

पुलावर वही काढून लिहायची सोय मात्र राहिलेली नाही. दोनतीन वर्षांपूर्वी खाकी वर्दीतल्या एकानं हटकलं.

"मॅडम, काय लिहून राह्यल्या?"

"डब्यांचे नंबर."

"कायले?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजूनही नाही. त्यानं वही घेतली, सहासात पानं उलटली. नुसते आकडे बघून त्याचा संशय वाढला की गेला, कळेना. मग एका पानावर थांबून म्हणाला, "हे भुसावळ कायले अंडरलाइन केलं?" मी म्हटलं, सांगते, आणि शेडचं सगळं सांगितलं. दहा मिनिटं त्यानं ऐकलं. शेवटी म्हणाला, "माह्या साळ्याले पाठवतो एक दिवस तुमच्याकडं. तोही असाच हाये." तेव्हापासून मी फोननं फोटो काढते, पुलावरूनच, चालता चालता. रुळाजवळ उतरत नाही. मामांनी तेवढी एकच शपथ घातली होती, तीही माझ्या वयाच्या सातव्या वर्षी.

२०२० च्या मार्चमध्ये प्रवासी गाड्या थांबल्या तेव्हा मालगाड्या चालूच होत्या. रात्री गच्चीवर पडलं की शहर इतकं गप्प असायचं की चाकांच्या ठोक्यांवरून भरलेली गाडी कुठली आणि रिकामी कुठली ते कळायचं. त्या जुलैत आमच्या पलीकडच्या रेल्वेनं चार रिकामे रेक एकामागे एक जोडून 'शेषनाग' नावाची गाडी नागपूर विभागातून कोरब्याकडे नेली. लांबी २.८ किलोमीटर. मी मामांना फोन करून सांगितलं. पलीकडे जरा शांतता, मग म्हणाले, "दोन पॉइंट आठ? मंग नंबर घेता घेता माह्या दोन ड्यूट्या गेल्या असत्या." आणि मग, जरा लाजत, "चार रेकात एनएफ किती होते?"

मामा आता कन्हानला राहतात. ऐंशी पार केलीय. घराच्या मागून रेल्वे जाते पण डोळ्यांना आता डबा आणि आभाळ यांतली सीमारेषाच तेवढी कळते. म्हणून मी महिन्यातून एकदोनदा फोनवर नंबर वाचून दाखवते. मामी म्हणतात लोक फोनवर देवाचं ऐकवतात, तू हे ऐकवतेस. पण मामी तोवर टीव्हीचा आवाज कमी करतात, हे मला माहीत आहे.

परवा पुलावरून बंद डब्यांचा एक रेक दिसला आणि त्यात एक ०५. फोटो हलला नव्हता. संध्याकाळी फोन लावला.

"मामा, एनएफ."

"वाच."

"एकतीस, शून्य पाच, चौऱ्याण्णव."

"चौऱ्याण्णवचा. म्हातारा झाला. पुढं?"

"सत्तावीस सोळा. शेवटी आठ."

पलीकडे पुटपुटणं सुरू झालं. सम जागेवरचे, एक, पाच, चार, सात, सहा. तेवीस. तेवीस त्रिक एकोणसत्तर. विषम जागेवरचे, तीन, शून्य, नऊ, दोन, एक. पंधरा. एकोणसत्तर नि पंधरा चौऱ्याऐंशी.

"नव्वदले किती कमी?"

"सहा."

"मंग आठ कुठून आला तुह्या वाचण्यात?"

मी फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. शेवटच्या आकड्याच्या वरच्या मोकळ्या जागेवर चिखलाचा एक शिंतोडा बसला होता आणि त्यानं सहाचं तोंड मिटवून आठ केला होता.

"सहाच आहे मामा."

"असणारच. गाडी कुठं गेली?"

"सेवाग्रामकडं."

"किती वाजता?"

फोटोवरची वेळ पाहिली. "पाच बावन्न."

"लिहून ठेव," मामा म्हणाले. "अन् पेन्सिलीनं लिही."